तातडीची आवक-जावक

सोसायटीच्या सूचनाफलकावर नोटीस लागली तेव्हा जिच्याविरुद्ध ती होती, ती त्याच फलकाच्या चौकटीवर बसली होती आणि तिची शेपटी बरोबर नोटिशीवर लोंबत होती. शेपटी डावीकडे गेली की 'उपद्रव' हा शब्द दिसे, उजवीकडे गेली की 'मोकाट मांजर' दिसे. संपूर्ण मजकूर एका दमात वाचणं कुणालाच जमलं नाही. तरी सारांश सगळ्यांना कळला, कारण सेक्रेटरी स्वतः फलकाशेजारी उभे राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडी सांगत होते.

नोंदसाहेबांनी ती नोटीस शेपटीच्या हालचालींचा अंदाज घेत दोनदा पाहिली आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "जावक क्रमांक नाही तिच्यावर."

"कुणावर? तातडीवर?"

"नोटिशीवर. ज्या कागदावर जावक क्रमांक नाही, तो निघालाच नाही असं समजतात. आपण काळजी करायचं कारण नाही."

नोंदसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या तळघरात, जिथे खिडकीतून फक्त लोकांच्या चपला दिसतात, तिथे ते नऊ वर्षं आवक-जावक सांभाळत होते. बाहेरून आलेल्या पत्राला आवक क्रमांक, बाहेर जाणाऱ्याला जावक क्रमांक. कोणाकडून, कोणाकडे, विषय काय, एवढं पाहायचं आणि रकान्यात लिहायचं. आतला मजकूर वाचायचा नाही. "वाचणं हे वरिष्ठांचं काम," असं ते म्हणत, आणि नऊ वर्षांत त्यांनी खरोखरच एकही पत्र वाचलं नव्हतं. लग्न ठरल्यावर बायकोने धाडलेल्या पहिल्या पत्रावरही त्यांनी सवयीने आवक क्रमांक घातला होता. ते उघडायला मात्र त्यांना तीन दिवस लागले. विषय पाकिटावर लिहिलेला नसल्यामुळे ते अडले होते.

मांजराचं नावही कचेरीतूनच आलं होतं. पिल्लू घरात आलं तेव्हा त्याच्या कपाळावर चौकोनी तांबूस ठिपका होता, तातडीच्या फाइलीला लाल चिठ्ठी लावतात तसा. शिवाय तिला जे हवं असे ते ताबडतोब हवं असे. नोंदसाहेबांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ही तातडीची आहे." तेव्हापासून ती तातडी.

तातडीचं जगाशी एकच भांडण होतं, ते म्हणजे बंद दार. खाणं, झोपणं, खुर्चीची गादी उसवणं, या सगळ्यांत ती तडजोडीला तयार असे. पण दार बंद दिसलं की तिचा स्वाभिमान दुखावे. कपाटाचं दार, न्हाणीघराचं दार, पिठाच्या डब्याचं झाकणसुद्धा. बरं, उघडून दिलं तर जाईलच असंही नाही. उंबऱ्यावर बसून पंजा चाटत राही. तिला जायचं नसे, जाता येतं एवढी खात्री हवी असे.

आणि घरात ठकी होती. ठकी सोळा महिन्यांची होती आणि अजून एक शब्दही बोलली नव्हती. हा विषय इमारतीत नोंदसाहेबांच्या बायकोखेरीज सगळ्यांच्या काळजीचा झाला होता. तळमजल्यावरचे निवृत्त मॅनेजर म्हणत, "आमचा पुतण्या तीन वर्षं गप्प होता. आता वकील आहे. कुणी गप्प करू शकत नाही." दुसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणत, "तिच्याशी सुरात बोला." बायको सगळ्यांना "हो, हो" म्हणे आणि ठकीला कडेवर घेऊन वर येई. ठकीला बोलायची गरज पडत नसे हे तिला माहीत होतं. ठकी बोट दाखवी, तातडी ओरडे, आणि काम होऊन जाई. दुपारी ठकी झोपायची ती तातडीची शेपटी मुठीत धरून. शेपटी नसेल तर झोप नाही, आणि ठकीची झोप नसेल तर तिच्या आईला दिवसभरात स्वतःची म्हणून जी चाळीस मिनिटं मिळत, ती नाहीत. त्या चाळीस मिनिटांत ती चहा गरम असताना पिऊन घेई. एवढ्यासाठीसुद्धा त्या घरात मांजर आवश्यक होतं.

रविवारी सभा भरली. वाहनतळात खुर्च्या मांडल्या होत्या.

सेक्रेटरी म्हणाले, "माझ्या गाडीच्या टपावर रोज पावलं असतात. धुतली की पुन्हा. मला तर वाटतं ती धुण्याची वाटच बघत असते."

मॅनेजर म्हणाले, "घरात घुसते. शिस्त म्हणून नाही. येते कधी, जाते कधी, काही धरबंध नाही."

गाण्याच्या बाई म्हणाल्या, "मी रियाजाला बसले की खिडकीत येऊन वरचा सा लावते."

"मग त्यात वाईट काय?" कुणीतरी विचारलं.

"बरोबर लावते," बाई म्हणाल्या. "माझ्या विद्यार्थिनींसमोर."

सेक्रेटरींच्या आई, म्हणजे इमारतीच्या आजी, मुलाशेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी एकदाच डोळे उघडले, "मांजर आहे ते. मांजरासारखं वागतं," म्हणाल्या आणि पुन्हा मिटले.

नोंदसाहेबांना हे सगळं झेपलं असतं. पण सेक्रेटरी शेवटी म्हणाले, "जाऊ द्या, त्यांच्या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही असं दिसतंय," आणि पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. ते हसणं नोंदसाहेबांच्या वर्मी लागलं. ते उभे राहिले.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "आजपासून पंधरा दिवस आमचं मांजर घराबाहेर दिसणार नाही. दिसलं तर मी स्वतः त्याला शहराबाहेर सोडून येईन."

सेक्रेटरींनी लगेच लिहून घेतलं. माणूस माघार घेण्याआधी त्याचं बोलणं कागदावर उतरवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ठराव असा झाला: 'मांजर पंधरा दिवस घराबाहेर दिसता कामा नये. दिसल्यास मालकाने त्यास कायमचे दूर सोडावे.' खाली नोंदसाहेबांची सही, टपोरी, मोत्यासारखी.

घरी आल्यावर बायकोने ठकीला खाली ठेवलं, तातडीला एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सही करायच्या आधी तिला विचारलंत का?"

"अगं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मला नका सांगू. तिला सांगा."

तातडी तेव्हा बंद दारासमोर बसून दाराकडे पाहत होती, एखाद्या नवशिक्या कारकुनाकडे पाहावं तशी.

दुसऱ्या दिवशी नोंदसाहेबांनी एक जाडजूड रजिस्टर विकत आणलं. कचेरीतलं आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. फक्त पट्टी तिथली होती, आणि तीही परत नेली. त्यांनी पानोपानी रकाने आखले: अनुक्रमांक, वेळ, आवक की जावक, कोणाकडून किंवा कोणाकडे, विषय, कार्यवाही, पोच.

"हे कशाला?" बायकोने विचारलं.

"पुरावा. पंधरा दिवसांनी सभेसमोर ठेवायचा. मी दहा ते साडेपाच कचेरीत, म्हणजे दिवसा नोंदी तू करायच्या. जे घडेल ते लिहायचं. खाडाखोड नाही, मनचं काही नाही."

"आणि जावक झालीच तर?"

"होणारच नाही."

"पण झाली तर पोच घ्यायची ना? समोरच्याची सही?"

हा प्रश्न ऐकून नोंदसाहेबांना बायकोविषयी जे वाटलं ते लग्नानंतर फार क्वचित वाटलं होतं. "घ्यायची म्हणजे काय, घेतलीच पाहिजे," ते भारावून म्हणाले. "पोच नसलेली जावक म्हणजे रस्त्यावर टाकलेलं पत्र."

पहिल्या दिवशी तातडी स्वयंपाकघरातल्या धूर बाहेर टाकायच्या पंख्याच्या भोकातून गेली. नोंदसाहेब नशिबाने घरी होते. त्यांनी तिला जिन्यात, कुणी पाहायच्या आत, उशीच्या अभ्र्यात पकडून आणलं. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. सुताराने सगळ्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, भोकाला फळी ठोकली, आणि कामाचं कौतुक ऐकून घेऊन हत्यारांची पिशवी उचलून निघाला. तिसऱ्या पायरीवर पिशवी ओरडली. सुतार मोठा धीराचा माणूस. पिशवी घेऊन परत वर आला आणि म्हणाला, "साहेब, जाळी पक्की आहे. पण दारातून माणसं जातात, त्याला माझ्याकडे काही नाही."

मग दाराची पाळी आली. घरात एकच वाक्य दुमदुमू लागलं, "उघडू नका." दूधवाला आला, उघडू नका, आधी मांजर धरा. कचरा न्यायचाय, उघडू नका. नोंदसाहेब सकाळी बूट घालून दाराशी उभे, बायको मोरीतून ओरडतेय, उघडू नका, ती कपाटावर आहे. ठकी या सगळ्या गडबडीत तातडीच्या शेजारी दाराशी फतकल मारून बसे आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाही.

सल्ल्यांनाही ऊत आला. मॅनेजर म्हणाले, घंटा बांधा. बांधली. दोन दिवसांत तातडी घंटा न वाजवता चालायला शिकली, आणि ज्याला मुद्दाम उठवायचं असे त्याच्याच कानाशी ती वाजवू लागली. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, तिचं मन रमवा. नोंदसाहेबांनी मन रमवण्यासाठी लोकरीचा गुंडा आणला. त्यात तिचं मन रमलं नाही, ठकी मात्र गुंडाळली गेली, आणि तिला सोडवेपर्यंत नोंदसाहेबांना कचेरीत पहिल्यांदा उशीर झाला.

आठवड्याच्या मध्यावर सेक्रेटरींनी नवीनच खुसपट काढलं. मांजर पाळीव असल्याचा नगरपालिकेचा दाखला हवा, नाहीतर ते भटकं धरलं जाईल. नोंदसाहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून नगरपालिकेत गेले. खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. तो कुत्र्यांचा होता.

"मांजरांचा द्या."

"मांजरांचा नाही. मांजर पाळीव की भटकं, याचं परिपत्रक अजून यायचंय."

"मग?"

"कुत्रा म्हणून भरा आणि शेऱ्यात मांजर लिहा. सगळे तसंच करतात."

नोंदसाहेबांच्या आयुष्यात खोटी नोंद अशी नव्हतीच. 'जात', 'रंग' इथवर ठीक होतं. पुढचा रकाना होता, 'भुंकतो काय? होय किंवा नाही.' त्यांनी बराच विचार करून 'अद्याप नाही' असं लिहिलं. कारकुनाने ते वाचून मान डोलावली. दाखला मिळाला. त्यानुसार तातडी हा कपाळावर तांबूस खूण असलेला शांत स्वभावाचा कुत्रा होता.

यापेक्षा मोठी नामुष्की दहाव्या दिवशी झाली. सुट्टीचा दिवस होता. बाल्कनीच्या दाराला नोंदसाहेबांनी स्वतः नवी कडी बसवली होती, दार लोटलं की आपोआप लागणारी. ती बाहेरून हिसकून बघावी म्हणून ते बनियन आणि अर्ध्या चड्डीवर बाल्कनीत गेले. आतून तातडी आली, दाराला अंग घासलं, आणि दार लागलं. कडी उत्तम होती. बायको ठकीला आंघोळ घालत होती आणि नळ चालू होता. नोंदसाहेब काचेवर टकटक करत राहिले. आतून तातडी त्यांच्यासमोर बसली आणि पंजा चाटू लागली. खाली सेक्रेटरी गाडी पुसत होते. त्यांनी वर पाहिलं.

"काय नोंदसाहेब, बंदोबस्त कसा चाललाय?"

"कडक," नोंदसाहेब म्हणाले, आणि कुंडीतल्या रोपाची पाहणी करत असल्यासारखे वाकले. त्या कुंडीत फक्त माती होती. वीस मिनिटं त्यांनी मातीची पाहणी केली.

पण तत्त्वतः विजय त्यांचाच होता. मांजर घरात होतं. घराबाहेर दिसला तो मालक, आणि त्याविषयी ठरावात काही म्हटलं नव्हतं. शिवाय जाळ्या बसल्यापासून रोज साडेपाचला ते घरी येत तेव्हा तातडी खुर्चीवर गाढ झोपलेली असे. बंदिस्त राहणं तिला मानवलं होतं. चक्क बाळसं धरलं होतं तिने. कधी अंगाला सांधेदुखीच्या मलमाचा वास येई, कधी मिशांना साय लागलेली असे, पण घरकोंडीने असं होत असावं अशी नोंदसाहेबांनी मनाची समजूत घातली.

"रजिस्टर वाचलंत का हो?" बायकोने दोनदा विचारलं.

"वाचणं आपलं काम नाही," ते दोन्ही वेळा म्हणाले. "नोंद झालीय ना? बस्स."

बायको काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात ठकीने बुटात दूध ओतलं.

पंधराव्या दिवशी सभा भरली. या वेळी एकही खुर्ची रिकामी नव्हती. नोंदसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, रजिस्टर दोन्ही हातांत धरून आले. मागे बायको, कडेवर ठकी. तातडी वर, जाळ्यांच्या आत. बाल्कनीची कडी लावलेली.

"पुरावा सादर करतो," नोंदसाहेब म्हणाले. "पंधरा दिवसांची आवक-जावक. सभेपुढे मोठ्याने वाचून दाखवावी अशी विनंती आहे."

मागून बायको हळूच म्हणाली, "अहो, मोठ्याने कशाला."

"असू दे. होऊ दे एकदाचं."

सेक्रेटरींनी चष्मा लावला. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी नोंदसाहेबांच्या अक्षरात होत्या. पंख्याचे भोक, सुताराची पिशवी, जिन्यातून तत्काळ आवक. लोक हसले. नोंदसाहेबही दिलदारपणे हसले. मग अक्षर बदललं. बायकोचं अक्षर बारीक, घाईचं, पण स्वच्छ होतं, एका हाताने मूल धरून लिहिणाऱ्याचं असतं तसं.

"अनुक्रमांक पाच," सेक्रेटरी वाचू लागले. "वेळ अकरा दहा. जावक. कोणाकडे: तळमजला, निवृत्त मॅनेजर. विषय: दुपारचे वाचन, एकट्याने होत नाही. कार्यवाही: कापडी पिशवीतून नेले, वर पंचा टाकून. परत: बारा दहा. पोच..." त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "पोचेला मॅनेजरसाहेबांची सही आहे."

मॅनेजर छताकडे पाहू लागले.

"अनुक्रमांक सहा. वेळ साडेचार. जावक. कोणाकडे: दुसरा मजला, गाण्याच्या बाई. विषय: वरचा सा. मुलींना सापडत नाही. कार्यवाही: कपडे वाळत घालायच्या बादलीतून. पोच आहे." सेक्रेटरींचा आवाज चढत गेला. "सात, पुन्हा मॅनेजर. आठ, पुन्हा बाई. नऊ..."

नऊवर ते थांबले.

नोंदसाहेबांना काही कळेना. त्यांच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलंय हे सगळ्या इमारतीबरोबर तेही पहिल्यांदाच ऐकत होते.

"वाच ना पुढे," आजी डोळे न उघडता म्हणाल्या. "थांबलास कशाला."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "अनुक्रमांक नऊ. वेळ अडीच, सेक्रेटरी कामावर असताना. जावक. कोणाकडे: सेक्रेटरींच्या मातोश्री. विषय: गुडघ्याला ऊब. कार्यवाही: पदराखालून. सोबत साय दिली जाते. पोच..." ती सही त्यांना ओळखायची गरज नव्हती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं त्यांनी तीच सही पाहिली होती. "आई, तू?"

"गरम पाण्याची पिशवी गार होते," आजी म्हणाल्या. "सुंदरी होत नाही."

"सुंदरी कोण?" मॅनेजर दचकून म्हणाले. "तिचं नाव मिनिस्टर आहे."

"अहो, माझ्याकडे तर तिला तान म्हणतात," गाण्याच्या बाई पुटपुटल्या. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती आपल्या एकट्याकडेच येते, अशी तिघांचीही पंधरा दिवस खात्री होती.

"पण तुम्हीच तर तक्रार केली होती," सेक्रेटरी मॅनेजरांना म्हणाले.

मॅनेजरांनी रुमाल काढला, पुन्हा ठेवला. "ती येते ही माझी तक्रार नव्हतीच," ते म्हणाले. "प्रकरण अर्धं झालं की उठून जाते, ही होती."

सेक्रेटरींनी एक पान उलटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उजेड पडला. "अनुक्रमांक अठ्ठावीस. जावक. कोण: गृहस्थ. कोठे: बाल्कनी. विषय: कडीची चाचणी. मांजर आत, गृहस्थ बाहेर. मुदत: वीस मिनिटे. कार्यवाही: ठकीचे अंग पुसून झाल्यावर आवक."

हसण्याची लाट थेट फाटकापर्यंत गेली. नोंदसाहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता, पण बाल्कनीमुळे नव्हे. नऊ वर्षं जपलेल्या नोंदीने त्यांनाच दोषी ठरवलं होतं, आणि नोंद चुकीची नव्हती. त्यांनी मागे वळून पाहिलं. ठकी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या मुठीत नेहमीच्या सवयीने आईच्या ओढणीचं टोक शेपटीसारखं धरलेलं होतं.

ते उभे राहिले.

"नोंद खरी आहे," ते म्हणाले. "खाडाखोड नाही. मी सांगितलं होतं जे घडेल ते लिही, तिने लिहिलं. मीच वाचलं नाही. ठरावावर माझी सही आहे. उद्या मी तिला..." पुढचा शब्द त्यांना लिहिता आला असता, बोलता येईना.

मॅनेजर बुटांकडे पाहू लागले. गाण्याच्या बाईंनी बादलीचं काय ते कुणी विचारू नये म्हणून हात मांडीवर घट्ट धरले.

"ठराव वाच," आजी म्हणाल्या. त्यांनी आता दोन्ही डोळे उघडले होते.

"आई, ठराव सगळ्यांना माहीत आहे."

"मला ऐकायला येत नाही. वाच."

"मांजर पंधरा दिवस घराबाहेर दिसता कामा नये."

"बरं. दिसलं कुणाला?" आजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ज्याला घराबाहेर दिसलं त्याने हात वर करावा."

कुणी हात वर केला नाही. करणार कसा? मांजर पिशवीत होतं, बादलीत होतं, पदराखाली होतं. ज्यांनी नेलं त्यांनी इतक्या शिताफीने नेलं होतं की पंधरा दिवसांत त्यांनी एकमेकांनाही काही कळू दिलं नव्हतं.

"आणि घराबाहेर होतं कुठे ते?" आजी पुढे म्हणाल्या. "अकराला ह्याच्या घरात, साडेचारला तिच्या घरात, मध्ये माझ्या. रजिस्टरात तर सबंध दिवस ते घरातच आहे. कुणाच्या घरात, हे ठरावात लिहायला तू विसरलास बाळ."

सेक्रेटरींनी ठराव पुन्हा वाचला. मनातल्या मनात, ओठ हलवत. 'घराबाहेर'. अक्षर त्यांचंच होतं. भाषेच्या बाबतीत ते फार काटेकोर होते, आणि आता तोच काटा त्यांच्या बोटात गेला होता.

"जिना?" त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला.

"जिना इमारतीच्या आत आहे ना रे? मग?"

ठराव पाळला गेला, असा ठराव झाला. पुढे सभा बराच वेळ चालली, कारण आता वेळा ठरवायच्या होत्या. एका घरात एका वेळी तासाच्या वर नाही. दुपारी एक ते दोन ठकीकडे, त्यात बदल नाही, हे बायकोने उभं राहून सांगितलं, आणि त्या दिवशी कुणी तिला कसलाही सल्ला दिला नाही. नेताना-आणताना पोच सक्तीची. पिशवीची गरज नाही. सगळे उठू लागले तेव्हा सेक्रेटरी रजिस्टर परत द्यायच्या निमित्ताने नोंदसाहेबांजवळ आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "रविवारी सकाळी... कुणाची नोंद नाहीये ना? नाही, गाडी धुवायची असते. ती तशीही येतेच. म्हटलं रीतसर असावं."

घरी आल्यावर नोंदसाहेब बूट न काढता खुर्चीवर बसले आणि रजिस्टर उघडून पहिल्या पानापासून वाचू लागले. बायको ठकीचं दूध गरम करायला आत गेली. त्यांनी सगळं वाचलं. मॅनेजरांच्या बायकोची खुर्ची रिकामी असते आणि मांजर त्याच खुर्चीत बसतं, हे वाचलं. आजींनी एके दिवशी साय स्वतः न खाता तिला दिली, हे वाचलं. अनुक्रमांक सदतीसला फक्त एवढंच होतं: 'चहा गरम प्यायला. मांजर व ठकी झोपलेल्या. विषय: काही नाही.' ते त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

"अगं, हे तर फार..." ते म्हणाले.

"काय?" आतून आवाज आला.

"वाचण्यासारखं आहे."

तेवढ्यात तातडी दुसऱ्या खुर्चीवरून उतरली, अंग ताणलं आणि दारापाशी जाऊन बसली. पंजा दारावर ठेवला. नोंदसाहेबांच्या तोंडून सवयीने निघालं, "उघडू न..." आता तसं म्हणायचं कारण उरलं नव्हतं.

ठकी भिंतीला धरून धरून दारापर्यंत गेली. तातडीच्या शेजारी उभी राहिली. तळहाताने दारावर थाप मारली, एकदा, दोनदा. मग मान वळवून बापाकडे पाहिलं आणि स्पष्ट, वरिष्ठांच्या आवाजात म्हणाली,

"उघद."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. बायको दारात येऊन उभी राहिली, हातात दुधाची वाटी. पंधरा दिवस त्या घरात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द ठकीने ऐकला होता, मनात ठेवला होता, आणि त्यातला नको तेवढा भाग काढून टाकला होता.

"लिहा," बायको म्हणाली. "लिहा ना. नोंद करा."

नोंदसाहेबांनी पेन काढलं. टपोऱ्या, मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं:

'अनुक्रमांक ४४. वेळ सहा पाच. आवक. कोणाकडून: ठकी. विषय: शब्द, एक.'

मग ते उठले, दाराशी गेले, परत आले, आणि उरलेला रकाना भरला.

'कार्यवाही: दार उघडले.'